टाय रॉड एंड वर्षभरातच पुन्हा ढिला होतोय? आधी लॉक नट कसा कसला ते पाहा

सव्वादोन वर्षांत माझ्या गाडीच्या डाव्या चाकाचा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा गोळीचा सांधा, तीनदा बदलावा लागला. उजवीकडचा मात्र कंपनीतून आलेला तोच होता आणि त्यात जरासाही प्ले (ढिलेपणा) नव्हता. जून २०२२ मध्ये पहिला बदलला, जुलै २०२३ मध्ये दुसरा, सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरा. पहिल्या दोन्ही वेळा मी रस्त्याला आणि पार्टला दोष देऊन मोकळा झालो. तिसऱ्या वेळी जुना एंड नीट पाहिला तेव्हा कारण सापडलं. ज्यांना हाच त्रास वारंवार होतो त्यांचे पैसे आणि टायर वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी लहान हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची. रोज मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसी आणि परत, बहुतेक रस्ता वर्धा रोडचा. रस्त्याचं कारण नागपुरात कोणालाही लगेच पटतं. सिमेंट रोड आणि कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यात कित्येक ठिकाणी चार बोटांचा फरक असतो. समोरून ट्रक आला की डावं चाक खाली उतरतं, पुन्हा वर चढतं. दिवसातून दहा वेळा हे झालं तर डावीकडचाच पार्ट जाणार, असं मी धरून चाललो होतो. मेकॅनिकही तेच म्हणाला, त्यामुळे पुढे शोध घेतलाच नाही.

त्रास दरवेळी एकाच क्रमानं सुरू व्हायचा. हळू वेगात खराब रस्त्यावर डावीकडून कोरडा टक-टक आवाज, गिट्टी एकमेकांवर आपटावी तसा. मग स्टिअरिंगच्या मधोमध थोडी मोकळी जागा जाणवू लागायची, म्हणजे दोन बोटं फिरवलं तरी चाक लगेच ऐकत नाही. साठ-सत्तरच्या वेगात गाडी सरळ ठेवायला सतत बारीक दुरुस्ती करावी लागायची. आणि शेवटी टायर. तळहात टायरच्या नक्षीवरून आतून बाहेर फिरवला की गुळगुळीत लागायचं आणि बाहेरून आत फिरवला की करवतीच्या दातांसारखं टोचायचं. डोळ्याला हे दिसत नाही, हाताला लगेच कळतं. असा टायर हाताला लागला की टो बिघडला आहे असं समजा. चाकं किंचित आत किंवा बाहेर तोंड करून चालत आहेत आणि रबर घासून खात आहेत.

आधी खात्री करा की आवाज टाय रॉड एंडचाच आहे

पुढच्या चाकाकडून खडखड आली की मेकॅनिक पहिल्यांदा लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारची जोडणी) बदलतो, कारण तो स्वस्त आणि सोपा. लिंक रॉड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, आर्मचे बुश, शॉकरचा वरचा माउंट, सगळे साधारण सारखेच वाजतात. फरक ओळखायला थोडी माहिती लागते. ब्रेक दाबल्यावर एकदा दणका येत असेल तर आर्मचे बुश पाहा. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग टंगकन उडाल्यासारखी वाजली तर वरचा माउंट. लिंक रॉडचा संशय असेल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडून गल्लीतल्या गल्लीत हळू एक फेरी मारा. आवाज गेला तर तोच. पण सोडलेल्या लिंक रॉडनं रोडवर जाऊ नका, वळणावर गाडी जास्त कलते.

टाय रॉडची खरी परीक्षा चाकं जमिनीवर असतानाच होते. इंजिन बंद, चावी स्टिअरिंगचं लॉक सुटेल इतकीच फिरवलेली. घरातल्या कोणालातरी आत बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे छोटे छोटे झटके द्यायला सांगा. पूर्ण फिरवायचं नाही. आपण चाकाच्या मागे हात घालून टाय रॉड एंडवर तळहात असा ठेवायचा की अर्धा एंडवर आणि अर्धा नकलवर, म्हणजे चाक धरणाऱ्या जाड भागावर, येईल. दोन्ही एकदम हलले तर जॉइंट चांगला. आधी एंड हलला आणि किंचित उशिरानं नकल हलला, तर तो उशीर म्हणजेच प्ले. हाताला बारीक टिचकी मारल्यासारखं लागतं. मग हात आत सरकवून रॅकचा (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या पेटीचा) रबरी बेलो हलकेच दाबून धरा. रॅक एंडमध्ये, म्हणजे टाय रॉडच्या आतल्या टोकाच्या सांध्यात, प्ले असेल तर तिथे टिचकी लागेल. माझ्या ओळखीचे दोघे जण रॅक एंड गेलेला असताना बाहेरचा एंडच पुन्हा पुन्हा बदलत राहिले.

चाक उचलून नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ती वापरा, पण बारा आणि सहाच्या जागीही हलवून पाहा. दोन्हीकडे हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा प्रश्न असू शकतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. विटांचा ठोकळा तर मुळीच वापरू नका, वीट सूचना न देता फुटते. स्टँड ठेवा, काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा.

आणि प्ले इतका असेल की हातानं जॉइंट स्पष्ट खडखडताना दिसतो, तर गाडी तिथेच उभी ठेवा. गोळी घरातून निसटली की ते चाक स्टिअरिंगच्या ताब्यात राहत नाही, मग वेग कितीही असो.

तिसऱ्या वेळी काय दिसलं

तिसऱ्या वेळी खराब झालेला एंड मी सुटीच्या दिवशी घरीच काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवून पुसला. बूट, म्हणजे सांध्यावरची रबरी टोपी, फाटला होता, ते अपेक्षितच होतं. पण फाटला होता फक्त एका बाजूनं, अर्धचंद्रासारखा. विरुद्ध बाजूचं रबर घडी पडून चेपलेलं आणि त्या घडीत ग्रीस अजून स्वच्छ पिवळं. फाटलेल्या बाजूचं ग्रीस काळं, पाणी आणि वाळू मिसळून चिखलासारखं झालेलं. स्टडच्या (एंडमधून निघणाऱ्या दांडीच्या) मानेवर, जिथे ती बॉडीच्या कडेजवळ येते, तिथे नखाएवढी चकचकीत खूण. लोखंड लोखंडाला घासत होतं.

रस्त्याच्या धक्क्यांनी जॉइंट गेला असता तर तो असा एकाच बाजूनं गेला नसता. मी तो एंड घेऊन आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे काकाजी म्हणतात. त्यांनी एंड हातात घेतला, स्टड दोनदा हलवला आणि विचारलं, "अलाइनमेंट कधी केली होती?"

"नवीन टाकला त्याच दिवशी."

"मग तिथंच बिघडला. लॉक नट कसताना एंड पकडला नसन त्यानं. तिरपाच बसून राहिला हा."

घरी येऊन जुने फोटो काढले. हाच एंड जुलै २०२३ मध्ये टाकल्यावर अलाइनमेंट करून आणली तेव्हा मी हौसेनं नव्या पार्टचा फोटो काढला होता. फोटोत बूट सरळ उभा नाही, पुढच्या बाजूला झुकलेला आहे, मागची बाजू ताणलेली. नव्या पार्टचं आयुष्य पहिल्या दिवशीच निम्मं झालं होतं आणि फोटो वर्षभर माझ्या मोबाइलमध्ये पडून होता.

हे कसं होतं ते समजून घ्या. एंडच्या आत एक गोळी असते. तिची दांडी, म्हणजे स्टड, नकलच्या निमुळत्या भोकात पक्की बसते. बाहेरची बॉडी टाय रॉडच्या आट्यांवर चढते आणि लॉक नटनं जागेवर धरली जाते. गोळीमुळे स्टडच्या भोवती बॉडी थोडी इकडे-तिकडे झुकू शकते, पण ठराविक मर्यादेपर्यंतच. अलाइनमेंट करताना टो बसवायला टाय रॉड फिरवतात आणि शेवटी लॉक नट कसतात. कसताना एंडवर दुसरा पाना लावून तो सरळ धरला नाही तर नट बॉडीलाही आपल्यासोबत फिरवतो आणि ती एका बाजूला टेकेपर्यंत कलते. मशीनवर आकडे बरोबरच येतात, कारण त्यांना याचं काही देणंघेणं नाही. पण जॉइंटला झुकायला ठेवलेली जागा आधीच खर्च झालेली असते. चाक खाली-वर होताना मान कडेला टेकते आणि बूट दर धक्क्याला एकाच जागी ताणला जातो.

आता यात आपला उन्हाळा घाला. पारा ४५ च्या वर, गाडी दिवसभर कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये, खालून तापलेलं सिमेंट. उन्हा-तापानं रबर कडक होतं. ताण नसलेला बूट हे चार-पाच उन्हाळे सहज सोसतो, माझा उजवा त्याचा पुरावा आहे. ताणलेला बूट नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) चिरतो. चीर पडली तरी लगेच आवाज येत नाही, ग्रीस अजून आत असतं. मग पाऊस लागतो, चिरेतून पाणी आणि बारीक वाळू आत जाते, ग्रीस धुतलं जातं, गोळी गंजते आणि काही आठवड्यांत आवाज सुरू. म्हणून माझा एंड दरवेळी पावसाळ्यात बोलायचा आणि मी पावसाळी खड्ड्यांना दोष द्यायचो. नुकसान मे महिन्यात झालेलं असायचं.

याच संदर्भात एक सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात पहाटेच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या वेळी सगळ्यांनी इंजिन आणि सीट पाहिल्या, ते साहजिकच होतं. पण अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी तुमच्याकडे असेल किंवा तुम्ही जुनी घेत असाल, तर टाय रॉड एंडचे बूट आणि रॅकचे बेलो एकदा उघड्या डोळ्यांनी पाहा. फाटक्या बेलोतून रॅकमध्ये पाणी गेलं तर आतला दांडा गंजतो आणि मग खर्च काही पटींनी वाढतो.

बदलताना कुठे चुकतं

पार्ट घेताना दुकानातच स्टड बोटांनी हलवून पाहा. नव्या एंडचा स्टड सगळीकडे सारख्या जोरानं फिरला पाहिजे. आडवा धरल्यावर स्वतःच्या वजनानं लटकन पडत असेल तर तो घेऊ नका. बूट वर-खाली दोन्हीकडे रिंगनं घट्ट बसलेला हवा. घाट रोडवर मी दोन दुकानांत डबा उघडून पाहिला, कोणी नाही म्हटलं नाही. डाव्या-उजव्याचा आकार वेगळा असू शकतो, म्हणून जुना पार्ट सोबत न्या.

चाक काढायच्या आधी आट्यांवर वायर ब्रश मारून डब्ल्यूडी-४० सारखं गंज सोडवणारं काहीतरी शिंपडून ठेवा, रात्रभर राहिलं तर उत्तम. एंड नकलला जोडलेला असतानाच लॉक नट पाव आटा ढिला करा, कारण एकदा एंड सुटला की धरायला काही उरत नाही. लॉक नट नेमका कुठे होता तिथे रंगाची खूण करा. बहुतेक लहान गाड्यांना १७ आणि १९ चा पाना लागतो, काहींना लॉक नटसाठी २२ चा. काही गाड्यांना, विशेषतः जुन्या जीपच्या जातीतल्यांना, एका बाजूला उलटे आटे असतात. नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आट्यांची दिशा पाहा.

मग स्टडवरची स्प्लिट पिन काढा आणि कॅसल नट (खाचांचा नट) ढिला करा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे स्टड सुटताना उडणार नाही. निमुळती दांडी सोडवायला पुलर वापरा. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्याच्या कडेवर हातोड्याचा एक-दोन पक्का फटका, म्हणजे भोक क्षणभर लांबट होऊन दांडी सुटते. हे फक्त लोखंडी नकलला. ॲल्युमिनिअमचा असेल तर हातोडा ठेवून द्या. स्टडच्या टोकावर तर कधीच मारू नका, आटे चेपतात. दोन दातांचा काटा ठोकून काढण्याची पद्धत सरसकट दिसते, तिनं बूट नक्की फाटतो. तो एंड फेकायचाच असेल तर हरकत नाही. पण लोअर आर्म किंवा शॉकरच्या कामासाठी चांगला एंड नुसता बाजूला करायचा असतो, तेव्हाही हाच काटा वापरला जातो आणि चांगला जॉइंट दोन महिन्यांत संपतो. तुमच्या गाडीचं सस्पेन्शनचं काम झाल्यावर लगेच एंड गेला असेल तर हे कारण आधी तपासा.

जुना एंड फिरवून काढताना आटे मोजा आणि नवा तितकेच आटे चढवा. हे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट पोहोचण्यापुरतं आहे. एक आटा म्हणजे साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर, पण चाकाच्या रिमच्या कडेला त्याचा फरक तीन-चार मिलिमीटर होतो. बऱ्याच लहान गाड्यांना टोमध्ये एक-दोन मिलिमीटरचीच सूट असते. त्यामुळे अर्धा आटा चुकला तरी टायर खायला सुरुवात होते.

नकलचं भोक आणि स्टडचा निमुळता भाग कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा, तिथे ग्रीस लावू नका. नट कसताना स्टड सोबत फिरू लागला आणि एंड नकलच्या खाली असेल तर खालून जॅकनं एंड हलका दाबून धरा, दांडी भोकात बसते आणि फिरणं थांबतं. बऱ्याच लहान गाड्यांत हा नट साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटरला कसतात, आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा पुढे कसा, मागे फिरवून जुळवू नका. पिन नवीनच टाका. नायलॉनचा नट असेल तर तोही नवीन. हवेच्या गननं हा नट कसू देऊ नका.

ग्रीसचं निपल असलेला एंड असेल तर बूट जरासा फुगेपर्यंतच ग्रीस भरा. गन मारत राहिलात तर ग्रीस बूट फाडूनच बाहेर येतं.

अलाइनमेंटवाल्याकडे उभं राहा

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. गाडी रॅम्पवर असताना बाहेर चहा प्यायला जाऊ नका. कामाच्या आधी शांतपणे सांगा, "भाऊ, लॉक नट कसताना एंडला पाना लावून धरा, आणि बेलोची क्लिप ढिली करून मग रॉड फिरवा." दुसरी गोष्टही तितकीच गरजेची. क्लिप न सोडता टाय रॉड फिरवला की बेलो पिळल्या फडक्यासारखा वळतो, काही महिन्यांत घडीवर फाटतो आणि रॅक उघडा पडतो. माझ्या गाडीत डावीकडचा बेलोही थोडा वळलेलाच सापडला.

काम झाल्यावर स्टिअरिंग सरळ असताना खाली वाकून पाहा. एंडची बॉडी स्टडला काटकोनात दिसली पाहिजे आणि बूट चारी बाजूंनी सारखा गोल. मग बॉडी हातानं पुढे-मागे कलवून पाहा. दोन्हीकडे साधारण सारखीच कलली तर ती मधोमध आहे. एकीकडे लगेच टेकली तर लॉक नट सोडून पुन्हा कसायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे आणि सांगितल्यावर आजवर कोणी तोंड वाकडं केलं नाही. एका मुलानं तर पुढच्या गाडीलाही आपणहून पाना लावला.

स्टिअरिंग वाकडं राहिलं तर एका बाजूचा रॉड जितका कमी तितकाच दुसऱ्या बाजूचा जास्त करूनच ते सरळ करायचं. स्टिअरिंग व्हील काढून दुसऱ्या खाचेत बसवणं हा उपाय नाही.

दोन्ही एंड एकदम बदलावेत का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, गरज नाही. प्ले नसलेला आणि बूट शाबूत असलेला एंड काढून तुम्ही चांगली बसलेली जागा उगाच हलवता.

सप्टेंबर २०२४ ला टाकलेला डावा एंड अजून चालू आहे. मधले उन्हाळे-पावसाळे गेले, बूट मऊ आहे, बाहेर ग्रीस नाही, टायर दोन्ही दिशांनी हाताला सारखा लागतो. रस्ता तोच, गट्टू तसेच. परवा नवतपा लागायच्या आधी टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो तेव्हा उजव्या, कंपनीच्या एंडच्या बूटवर खालच्या बाजूला केसासारखी बारीक चीर दिसली. प्ले अजून नाही, पण पावसाचं पाणी आत जायच्या आधी तो बदलायचा ठरवलं आहे. नवा पार्ट आणून ठेवला, लॉक नटवर तेल मारून झालं, आणि रविवारी अलाइनमेंटला जाताना १९ चा पाना डिकीत असेल.